गोठ्यातली सुट्टी आणि एक वही

तुमच्या पोटात दुखू लागले तर तुम्ही काय करता? आईला सांगता. आई डॉक्टरांकडे नेते. मग कुठे दुखते, केव्हापासून दुखते, काल काय खाल्ले होते, हे सगळे तुम्ही डॉक्टरांना सांगता. त्यांचे निम्मे काम तुमच्या सांगण्यानेच होते. आता समजा, एखाद्या शेळीच्या पोटात दुखू लागले. ती कुणाला सांगणार? आणि कशी सांगणार?

'मुके जनावर' असे आपण सहज म्हणून जातो. पण जनावर खरोखरच मुके असते का? त्याचा श्वास, त्याचे रवंथ, त्याने प्यालेले पाणी, त्याचे शेण, त्याच्या कानांची ठेवण आणि चाल या सर्वांतून ते सारखे काही ना काही सांगत असते. ही भाषा डोळ्यांनी पाहायची, हातांनी चाचपायची आणि आकड्यांत लिहून ठेवायची असते. ती शिकायची तर उन्हाळ्याच्या सुट्टीसारखी दुसरी संधी नाही.

चला तर, एक छोटे शेत डोळ्यांसमोर आणू. सोलापूर जिल्ह्यातला, सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूचा कोरडा मुलूख. पावसाचा भरवसा कमी, पण ज्वारी नामी. तेथे तुमच्या मामांची चार एकर जमीन आहे. लिंबाच्या झाडाखाली गोठा. गोठ्यात पांढऱ्या-करड्या रंगाची खिलार बैलजोडी. ट्रॅक्टर आल्यापासून अशा जोड्या कमी झाल्या आहेत, पण मामांनी आपली राखली आहे. शेजारी खांद्यापलीकडे जाणाऱ्या, तलवारीसारख्या शिंगांची पंढरपुरी म्हैस. तीन काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, त्यांतली एक गाभण. परसात आठ-दहा गावरान कोंबड्या. परीक्षा संपवून तुम्ही येथे येता आणि मामा म्हणतात, "सुट्टीभर या जनावरांचे पाणी, वैरण आणि झाडलोट तुझ्याकडे."

आजी मात्र आणखी एक अट घालते. "पहिले चार दिवस नुसते बघ. चांगले जनावर कसे असते ते कळले, तरच बिघडलेले ओळखता येईल."

आजी शाळेत फारशी गेलेली नसेल, पण तिने सांगितले ते शास्त्राला धरूनच आहे. प्रयोगशाळेत कोणताही प्रयोग करताना आधी 'नेहमीची स्थिती' मोजतात आणि मग बदल शोधतात. म्हणून एक शंभर पानी वही घ्या, पेन्सिल दोरीने बांधा आणि ती गोठ्याच्या खांबाला टांगून ठेवा.

निरोगी म्हणजे काय?

पहिली नोंद श्वासांची. सकाळी, ऊन चढण्याआधी, शांत उभ्या असलेल्या शेळीच्या मागच्या बाजूला चार हात दूर उभे राहा. तिची कूस फुगते आणि आत जाते. तो एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. विसाव्यात असलेल्या शेळीचे श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० भरतात. बैल आणि म्हैस यांचेही गार वेळी याच सुमाराचे. तीन दिवस सकाळी आणि दुपारी मोजले, की प्रत्येक जनावराचा आपला आकडा तुमच्या वहीत तयार होतो.

दुसरी नोंद रवंथाची. चरून आलेले जनावर बसले की थोड्या वेळाने त्याच्या गळ्यातून काहीतरी वर सरकताना दिसते. तोंडात आलेला तो घास ते सावकाश चघळते आणि गिळते. काही क्षणांत दुसरा घास वर येतो. एका घासाला किती वेळा चघळले ते मोजा. गाई-बैलांत हा आकडा बहुधा ४० ते ६० च्या दरम्यान येतो. दिवस-रात्र मिळून ही कामगिरी सहा ते आठ तास चालते. आजारी जनावराची पहिली खूण पुष्कळदा हीच असते, की ते रवंथ थांबवते. म्हणूनच जनावरांचे डॉक्टर आले की पहिला प्रश्न विचारतात, "रवंथ करते का?"

तिसरी नोंद हाताने घ्यायची. शेळीच्या डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागे आणि माकडहाडाच्या पुढे एक खोलगट जागा असते. तिला भकाळी म्हणतात. तेथे मूठ अलगद दाबून धरा. थोड्या वेळाने आतून एक लाट येऊन तुमची मूठ बाहेर ढकलते. मिनिटाला अशा एक ते दोन लाटा आल्या, की पोटातला कारखाना चालू आहे असे समजावे.

पोटातला कारखाना

कारखाना हा शब्द येथे उगाच वापरलेला नाही. गवत आणि कडबा यांत सेल्युलोज नावाचा चिवट पदार्थ भरपूर असतो. तो पचवणारा पाचक रस तुमच्याजवळ नाही. मौज अशी, की तो गाईजवळही नाही आणि शेळीजवळही नाही! मग त्या कडब्यावर जगतात कशा?

रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठराचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांतले कोठीपोट सर्वांत मोठे. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरांहूनही अधिक माल सामावून घेते. त्यात अंधार असतो, ऊब असते, ओल असते आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे सूक्ष्म जीवांची वसाहत नांदते. कोठीपोटातल्या एका मिलिलिटर रसात अब्जावधी जीवाणू असतात. सेल्युलोजचे तुकडे हे जीवाणू करतात. त्यातून काही सौम्य आम्ले तयार होतात. व्हिनेगारमध्ये असते ते अॅसिटिक आम्ल त्यांपैकीच एक. ही आम्ले रक्तात शोषली जातात आणि जनावराला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग त्यांतूनच मिळतो. पुढे हे जीवाणूही खऱ्या पोटात पचवले जातात आणि जनावराला प्रथिने पुरवतात. थोडक्यात, मामा म्हशीला वैरण घालतात, पण ती वैरण आधी खातात ते जीवाणू. म्हैस त्या जीवाणूंना पाळते आणि मामा म्हशीला.

या कारखान्याला दोन गोष्टी सतत लागतात. एक म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरांच्या आसपास लाळ गाळते! तिच्यात खाण्याच्या सोड्यातला क्षार असतो. तो आम्लांचा जोर मर्यादेत ठेवतो. जनावर जितके रवंथ करील तितकी लाळ अधिक. दुसरी गोष्ट म्हणजे ढेकर. आत दिवसाला शेकडो लिटर वायू तयार होतो आणि तो ढेकरांवाटे बाहेर पडतो. ढेकर अडली, तर डावी भकाळी नगाऱ्यासारखी फुगते. ती फुगून फुप्फुसांवर दाब आला, तर जनावर थोड्या वेळातही दगावू शकते.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गाठ पडणार आहे.

दुपारचे दोन वाजले

मे महिना लागला. या भागात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही. तुमच्या शरीराचे तापमान ३७ अंश, बैलाचे साधारण ३८.५, शेळीचे ३९ च्या आसपास आणि कोंबडीचे तर ४१ ते ४२ अंश. उष्णता नेहमी गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते, हे तुम्ही शिकला आहात. हवाच शरीराहून गरम झाली, तर अंगातली उष्णता बाहेर जाणार कशी?

एकच वाट उरते, बाष्पीभवनाची. अंगावरच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. माणूस घामाने गार होतो तो यामुळेच. पण गोठ्यात प्रत्येकाची रीत वेगळी आहे. बैलाला घाम येतो. शेळी धापा टाकून तोंडातून आणि फुप्फुसांतून पाण्याची वाफ बाहेर टाकते. कोंबडीला घामग्रंथी मुळीच नसतात. ती चोच उघडून धापते आणि पंख अंगापासून दूर धरते. आणि म्हैस? तिची कातडी काळी, त्यामुळे ऊन अधिक शोषणारी. केस विरळ आणि घामग्रंथी गाईच्या मानाने फारच कमी. म्हणून तिला डबके दिसले की ती त्यात बसते. लोक तिला आळशी म्हणतात, पण ती आपल्या त्वचेवरची पाण्याची उणीव भरून काढत असते. अंगाला लागलेला चिखल हळूहळू वाळतो, त्यामुळे गारवा अधिक वेळ टिकतो आणि माश्याही दूर राहतात.

जेथे डबके नाही तेथे तुमची बादली हवी. एक हिशोब करून पाहा. म्हशीचे वजन ४०० किलो धरू आणि तिचे शरीर म्हणजे जवळजवळ पाणीच असे मानू. तिच्या अंगावरच्या १ लिटर पाण्याची वाफ झाली आणि त्यासाठी लागलेली सारी उष्णता तिच्या अंगातूनच गेली, तर ५८० भागिले ४००, म्हणजे सुमारे दीड अंशाने तिचे तापमान उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतूनही घेतली जाते, म्हणून इतका फरक पडत नाही. तरीही एका लिटरमध्ये किती शक्ती आहे पाहा! दुपारी म्हशीचे श्वास मोजा, तिच्या अंगावर चार बादल्या पाणी ओता, वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट टांगा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. तुमच्या कष्टांचे फळ तुम्हाला आकड्यांत दिसेल.

पाणी पाजतानाही बादल्या मोजा. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागू शकते. यात नवल नाही, कारण म्हशीच्या दुधातही पाचातले चार भाग पाणीच असते. पाणी कमी पडले तर दूध कमी होणारच. हौद उन्हात असेल आणि पाणी तापले असेल, तर जनावर पोटभर पीत नाही. म्हणून हौदावर कडब्याचे छप्पर करा. वैरणही पहाटे आणि रात्री अधिक घाला. पचन होताना अंगात उष्णता तयार होते, तेव्हा भर दुपारी पोटातली भट्टी पेटवणे बरे नव्हे.

खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात एक कोंबडी खुडूक बसली. डालग्यातून हलेना, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते. आजीने तिच्याखाली दहा अंडी ठेवली. वहीत तारीख लिहा आणि पुढचे २१ दिवस मोजा.

कोंबडी अंड्यांना ऊब देते, हे सर्वांना माहीत असते. पण ती दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, हे तुम्ही पाहिले आहे का? अंडे एकाच बाजूवर पडून राहिले, तर आतला गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटण्याचा धोका असतो. हे तिला कोणी शिकवले? कोणी नाही; ही तिची उपजत बुद्धी.

सातव्या दिवशी, कोंबडी दाणे टिपायला उठली की, अंधाऱ्या खोलीत एक प्रयोग करा. जाड पुठ्ठ्याला दोन-अडीच सेंटिमीटरचे भोक पाडा, मागे विजेरी धरा आणि पुढे अंड्याची बोथट बाजू टेकवा. अंडे सजीव असेल तर आत एक गडद ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या लाल रेषा दिसतात. त्या रक्तवाहिन्या! काहीच दिसले नाही, तर त्या अंड्यात गर्भ नाही. ते काढून टाका, नाहीतर ते नासेल. हे काम चटकन आटोपायचे आणि अंडी जागच्या जागी ठेवायची.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. एकवीस दिवसांत अंड्याचे वजन सुमारे एक अष्टमांशाने कमी होते. त्याबरोबर बोथट बाजूची हवेची पोकळी मोठी होत जाते. शेवटी पिल्लू आपली चोच या पोकळीत खुपसते आणि पहिला श्वास घेते. तेव्हा अंड्याला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते.

आणि येथे तुमची परीक्षा आहे. कवचाला तडा गेला, चोच दिसू लागली, पण पिल्लू तासन्‌तास बाहेर येईना. तुमचे हात शिवशिवतात. कवच सोलून त्याला मोकळे करावेसे वाटते. तसे करू नका! आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांत अजून रक्त असते. पडदा फाडला तर पिल्लाचे रक्त वाहते. उरलेला पिवळा बलकही याच वेळी त्याच्या पोटात ओढला जात असतो. त्या बलकावर पिल्लू पुढचे सुमारे दोन दिवस दाण्यावाचून जगू शकते. तुमची घाई त्याची ही शिदोरीच हिरावून घेईल.

दोन करडे आणि ताणकाटा

शेळी साधारण १५० दिवसांत विते. मेच्या मध्यावर एका पहाटे मामांची शेळी व्याली. उस्मानाबादी शेळ्या जुळ्यांसाठी नावाजलेल्या. हिलाही दोन करडे झाली. एक धडधाकट, दुसरे किरकोळ.

आता घड्याळाकडे लक्ष द्या. माणसाच्या बाळाला रोगांशी लढणारी प्रतिपिंडे आईच्या पोटात असतानाच मिळू लागतात. शेळी, गाय, म्हैस यांच्या पिल्लांचे तसे नाही. त्यांच्यात प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. करडू जन्मते ते जवळजवळ ढालीवाचून. ती ढाल असते आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात. पण करडाच्या आतड्यातून प्रतिपिंडे अख्खीच्या अख्खी रक्तात शिरण्याचे दार फक्त पहिला दिवसभर उघडे असते आणि तेही तासातासाला मिटत जाते. म्हणून पहिल्या तासाभरात चीक पाजलाच पाहिजे. पहिल्या २४ तासांत वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पोटात जावा. करडू दोन किलोचे असेल, तर सुमारे २०० मिलिलिटर.

'वार पडल्याशिवाय पिल्लाला पाजू नये' अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. ती चुकीची आहे आणि पिल्लाच्या जिवावर बेतणारी आहे. उलट पिल्लू आचळाला लागले, की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटते, गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. गाय-म्हैस व्याली की आपल्याला खरवस आठवतो. खरवस जरूर खावा, पण वासराचा वाटा पोटभर देऊन झाल्यावर.

आता वहीचे खरे मोल पाहा. शाळेत वापरता तसा ताणकाटा घ्या. करडाला कापडी झोळीत ठेवून रोज सकाळी वजन करा. समजा, धडधाकट करडाचे आकडे असे आले : २.२, २.३, २.४ किलो. आणि किरकोळ करडाचे असे : १.८, १.८, १.७५. दोन्ही करडे आचळाशी लुचताना दिसतात, शेपट्या हलवतात, बेंबटतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण काटा सांगतो, की दुसऱ्याच्या पोटात दूध जात नाही! मोठा भाऊ त्याला ढकलून देत असणार. डोळ्यांना हे कळायला आणखी दोन दिवस लागले असते आणि तोवर कदाचित उशीर झाला असता. आता मात्र तुम्ही मोठ्याला बाजूला धरून धाकट्याला आधी पाजाल. बाटलीने पाजावे लागले, तर त्याला उभे ठेवून, मान जरा वर राहील असे पाजा. करडाच्या जठरात एक पन्हळ असते. करडू चोखू लागले की ती मिटून नळी बनते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटात जाते. दूध जबरदस्तीने ओतले, तर ते भलतीकडे जाण्याचा धोका असतो.

लाडाचा घास

मे महिना म्हणजे लग्नसराई. समजा, शेजारच्या वस्तीवर लग्न झाले. पंगती उठल्या. पातेलेभर भात आणि टोपलीभर चपात्या उरल्या. तुम्हाला तुमची लाडकी शेळी आठवली. बिचारी वाळका पाला खाते! तुम्ही भरले घमेले तिच्यापुढे ठेवले. तिने मिटक्या मारत सगळे संपवले. तुम्हाला किती आनंद झाला!

पण कोठीपोटातला कारखाना आठवा. तेथले जीवाणू पाल्यावर आणि कडब्यावर सावकाश काम करणारे. भातातला आणि चपातीतला स्टार्च झपाट्याने आंबतो. तो मिळाला की वेगळ्याच जातीचे जीवाणू भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. भात चघळावा लागत नाही, म्हणून रवंथ कमी आणि लाळही कमी. आम्लाला आवरणारे कोणी उरत नाही. नेहमीचे जीवाणू मरू लागतात, कारखाना बंद पडतो. रक्तातले पाणी कोठीपोटात ओढले जाते, आम्ल रक्तात शिरते. शेळी खाणे-रवंथ सोडते, दात खाते, भकाळी ताठरते, पातळ हगवण लागते. वेळेवर उपाय झाला नाही, तर एक-दोन दिवसांत ती मरू शकते. दाण्याचे पोते फोडून शेळीने ज्वारी खाल्ली, तरी असेच होते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. ती गेली तर छोट्या शेतकऱ्याच्या घरातली अडीनडीची पुंजीच जाते.

समजा, संध्याकाळी तुम्ही भकाळीवर मूठ ठेवली आणि लाट आलीच नाही. रवंथ नाही. सकाळी २० असलेले श्वास आता ४८. वहीतले आकडे ओरडून सांगत आहेत. पण ती का बिघडली, हे साऱ्या घरात फक्त एकाला ठाऊक आहे. तो एक म्हणजे तुम्ही.

गप्प बसावेसे वाटेल. मामा रागावतील, आजीला काय वाटेल! मित्रांनो, याच क्षणी आठवा, की शेळीला सांगता येत नाही. डॉक्टर विचारतील, "काय खाल्ले? किती? केव्हा?" ही तीन उत्तरे मिळाली, तर त्यांना नेमका उपाय लगेच सुरू करता येतो. ती मिळाली नाहीत, तर ते चाचपडत राहतील. म्हणून ताबडतोब मामांना सांगा : "दुपारी एकच्या सुमारास, एक घमेले भात-चपाती, मी घातली." जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. डॉक्टर येईपर्यंत शेळीला आणखी दाणा देऊ नका आणि तिच्या घशात तेल-पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत गेले तर दुसरेच संकट. ओरडा बसला तर सोसा. खरे सांगणे हा येथे औषधाचाच पहिला डोस आहे.

गावोगावच्या डोळ्यांनी संपवलेला रोग

एवढ्याशा नोंदीने आणि खबरीने काय होते, असे कोणाला वाटेल. त्यांनी बुळकांडीची गोष्ट ऐकावी. बुळकांडी हा गुरांचा विषाणुजन्य रोग. एकेकाळी तो गावात शिरला की गोठेच्या गोठे रिकामे होत आणि नांगराला बैल उरत नसत. गुरांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली. आज तीच भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे १९२०च्या दशकात डॉ. जे. टी. एडवर्ड्स यांनी या रोगाचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा पुनःपुन्हा वाढवला. त्यामुळे तो गुरांपुरता दुबळा झाला आणि त्यापासून लस बनली. पुढे वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात अधिक सुरक्षित लस तयार केली.

पण नुसत्या लशीने काम संपले नाही. रोग कोठे दडून आहे हे शोधण्यासाठी आपल्या देशात कर्मचारी गावोगाव फिरले आणि पशुपालकांना विचारत गेले : कोणाचे जनावर चारा सोडून बसले आहे का? तोंडात फोड आहेत का? हगवण आहे का? ज्यांनी पाहिले आणि खरे सांगितले, त्यांच्यामुळे रोगाचे शेवटचे अड्डे सापडले. भारतात बुळकांडीचे शेवटचे जनावर १९९५ साली आढळले आणि २०११ मध्ये हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून कायमचा गेलेला हा दुसराच रोग. लाळ-खुरकुताविरुद्धचा लढा मात्र अजून चालू आहे आणि २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने महाराष्ट्रातल्या गोठ्यांना पुन्हा घाबरवले. पाहणाऱ्या डोळ्यांची गरज संपलेली नाही.

करून पाहा, पण जपून

गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुवा. दूध उकळूनच प्या. गाभडलेले जनावर किंवा वार यांना उघड्या हातांनी शिवू नका. सांसर्गिक गर्भपातासारखे काही रोग जनावरांकडून माणसांना होतात. ज्वारीच्या धसकटांना फुटलेले कोवळे फुटवे जनावरांना खाऊ देऊ नका, त्यांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. नेहमीची वैरण बदलायची असेल तर आठ-दहा दिवसांत थोडी थोडी बदला. कोठीपोटातल्या जीवाणूंनाही नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो.

ज्यांच्या मामांचे शेत नाही त्यांनीही हिरमुसू नये. गल्लीतली गाय, शेजारची शेळी, घरातली मांजर, कोणाचेही श्वास मोजता येतात. शिक्षकांनी वर्गातल्या नोंदी एकत्र करून सकाळ-दुपारचा आलेख काढून घ्यावा. पुस्तकातल्या आलेखापेक्षा तो विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहील.

जूनमध्ये वळवाच्या सरी येऊन गेलेल्या असतील. पिल्ले आईमागे परसभर फिरत असतील. धाकटे करडू आता पाल्याला तोंड लावत असेल, आणि एखाद्या संध्याकाळी, नीट पाहत असाल तर, त्याच्या गळ्यातून पहिला घास वर सरकताना दिसेल. ती तारीख वहीत लिहा. मग दप्तर भरून शाळेला निघताना वही मात्र बरोबर नेऊ नका. ती गोठ्याच्या खांबालाच टांगलेली राहू द्या. तुम्ही गेल्यावर जनावरांकडे पाहणाऱ्याला तिचा उपयोग होईल.